अण्णांची झील

आमचे हेडक्लार्क अण्णा पेडणेकर सरकारी पत्राचा मसुदा मोठ्यानं वाचायचे आणि परिच्छेद संपला की नकळत सूर लावायचे. "सदर गोदामाच्या छपराची दुरुस्ती विनाविलंब करण्यात यावी, जी जी रं जी!" मग स्वतःच दचकून साहेबांच्या खोलीकडे बघायचे आणि मला दटावायचे, "हसतोस काय? पुढचा कागद आण."

अण्णा कचेरीत माझे वरिष्ठ आणि ठाकूरद्वारच्या चाळीत शेजारी, म्हणजे मला घरीही सुटका नाही. माणूस नियमाचा पक्का. रजेच्या अर्जात कुणी 'घरगुती कारण' लिहिलं की अर्ज परत. "कारण खरं लिही, रजा देतो."

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे रोज निघत होते आणि कचेरीत परिपत्रकं फिरत होती, सरकारी नोकरानं सभेला जाऊ नये. अण्णांची सुपरिंटेंडेंटची बढती अगदी तोंडाशी आली होती. साहेब दिवसातून दहादा बोलावत. अण्णांना अन्न पचेना. अशात एका रविवारी चाळीखालून शाहिरांचा जथा गात गेला, आणि अण्णांनी फळीवरून तुणतुणं काढलं. वहिनी त्यात उलथणी ठेवत असत.

तेव्हा कळलं की तरुणपणी हे गृहस्थ इंग्रज सरकारविरुद्धच्या पोवाड्यांत लालबागच्या गणू शाहिरामागे उभे राहून झील धरायचे. शाहिराची ओळ संपली की साथीदारानं सूर उचलायचा, ती झील. आता रोज संध्याकाळी दार लावून सराव सुरू झाला. त्यांची भूक परत आली. मला त्यांनी झांजा दिल्या, दोन दिवस ऐकलं आणि म्हणाले, "तू नुसतं तोंड हलव रे." कचेरीत मी तेवढंच करत आलो होतो, त्यामुळे लगेच जमलं.

मग गणूचा निरोप आला. बुधवारी दुपारी लालबागला सभा आहे, गिरणीत छाती गेली, दम पुरत नाही, मागे उभा राहशील का?

अण्णांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि साहेबांकडे न्यायला माझ्या हातात दिला. कारण: लालबागच्या सभेत गणू शाहिरामागे झील धरणे.

मी अर्ज परत त्यांच्यापुढे सरकवला. "अण्णा, पोटदुखी लिहा हो! बढती जाईल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "या नोकरीचं पत्र आलं त्या दिवशीही आमचा पोवाडा होता. पोट दुखतंय असा निरोप धाडला मी. गणू एकटा गायला, एकटाच पकडला गेला. सुटला तो आधी माझ्याकडे आला. विचारायला, पोट कसं आहे म्हणून."

अर्ज मी पोचवला. बढती दुसऱ्याला मिळाली.

बुधवारी ओळीच्या मधोमध गणूला खोकल्याची ढास लागली, तेव्हा कचेरीच्या कोटातल्या अण्णांनी सूर उचलला आणि त्याला दम येईपर्यंत सोडला नाही. गणू त्यांचा खांदा धरून उभा होता. मी गर्दीत मागे उभा राहून रडत होतो. माझ्या अर्जात कारण लिहिलं होतं, पोटदुखी.