उंबऱ्याबाहेरचं ताट

हवालदार जगदाळे आमच्याकडे जेवायला आले की आधी स्वतःची झडती द्यायचे. बेल वाजायची, मी दार उघडायचो, आणि समोर सहा फुटी माणूस दोन्ही हात वर करून उभा. किल्ल्या, मोबाइल, चष्मा, नेलकटर, बडीशेपेची डबी, सगळं आधीच एका स्टीलच्या ताटात काढून ठेवलेलं. ते ताटही त्यांनीच आणून आमच्या चपलांच्या रॅकवर कायमचं ठेवलं होतं.

"बघा साहेब."

मी बघायचो.

"नीट बघा."

मी नीट बघायचो. मग "खलास" म्हणून हात खाली यायचे आणि हवालदार आत.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा माझी बायको, मेधा, घाबरली होती. तिला वाटलं, मीच कुणाला तरी दरडावलंय. माझा आवाज घरात कुणी ऐकत नाही, हे ती त्या क्षणी विसरली.

हवालदार साताऱ्याकडचे. सैन्यातून निवृत्त झाले आणि पुढे इकडे कतारला, दोह्यात आले. एका मोठ्या हॉटेलातल्या बारच्या दारावर चौदा वर्षं त्यांची ड्यूटी. इथं दारू मिळते ती अशा हॉटेलांतच, तीही ओळखपत्र दाखवून. हवालदार ओळखपत्र बघायचे, चेहरा बघायचे, मग डिटेक्टरची काठी अंगावरून फिरवायचे, आणि काठीवर विश्वास नसल्यामुळे वरून हातानंही चाचपायचे. स्वतः थेंबाला शिवले नव्हते. बारच्या आतला रंग कुठला हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. "आत काय चालतं ते मला म्हाईत न्हाय," ते म्हणायचे, "भाईर काय ऱ्हायलं पायजे ते म्हाईत हाय."

चेहरा मात्र एकदा पाहिला की पाहिला. चार वर्षांनी आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरला त्यांनी म्हणे विचारलं होतं, मिशा कधी काढल्या?

अल मुंतझा भागात आमच्या मागच्याच इमारतीत ते तिघांच्या खोलीत राहायचे. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी भाकरी खायला आमच्याकडे. भाकरीच्या बदल्यात ते घराचं संरक्षण करायचे, आम्ही मागितलेलं नसताना. एका गणपतीत आमच्याकडे चाळीसेक माणसं आली. हवालदारांनी जिन्यातच प्रत्येकाला हात वर करायला लावले. एका आजींच्या बटव्यातून अडकित्ता निघाला, तो जप्त. जेवणं उरकली, पानं लावायची वेळ झाली, तरी अडकित्ता ताटातच. शेवटी आजी दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि तिथंच सुपारी कातरून आत पाठवत राहिल्या. हवालदार शेजारी पहाऱ्याला.

आमच्या ईशानच्या सातव्या वाढदिवसाला त्याला कुणीतरी खेळण्यातलं पिस्तूल दिलं. काळं, पत्र्याचं, हुबेहूब. हवालदारांनी ते दोन बोटांनी उचललं आणि बाहेर नेऊन ताटात ठेवलं.

"बट मामा, इट्स ओन्ली अ टॉय!"

"व्हय बाळा. केक खाऊन झाल्यावर घे."

ईशाननं भोकाड पसरलं. पाहुण्यांदेखत मी म्हणालो, "हवालदार, अती झालं हं."  त्यांनी केक खाल्ला नाही, एवढंच.

जेवण झाल्यावर बरोबर दोन वाजता त्यांना गावाहून फोन यायचा. त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोचा, सुमनचा. भाऊ, संपत, वारला होता, यापलीकडे आम्हाला माहीत नव्हतं. संपत त्यांना दादा म्हणायचा, म्हणून तीही दादाच म्हणायची. तिचा आवाज आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. "दादा, कधी येताय?" आणि हवालदारांचं उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला." जी गोष्ट व्हायची नसते तिच्यासाठी त्यांनी हा शब्द राखून ठेवला होता. चौदा वर्षांत ते एकदाही गावी गेले नाहीत. सुट्टी मिळाली तर खोलीत झोपायचे, नाहीतर ईशानला बागेत न्यायचे.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी दोह्याबाहेर दुखान गावी तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि मला वाद घालायची खोड आहे. मत काय हे मला महत्त्वाचं नसतं. समोरचा गप्प झाला की माझं पोट भरतं.

एका शुक्रवारी मी फोनवर बातमी वाचत होतो. परदेशात कुठंतरी बारमध्ये बंदूक घेऊन जाऊ द्यावी की नाही यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. मला आयता विषय मिळाला.

"हवालदार, तुमचं काय मत? जाऊ द्यावं का?"

"न्हाय."

"का नाही? सगळ्यांना नको, मान्य. पण एखादा माणूस आहे. बंदुकीचा परवाना आहे. प्रशिक्षण घेतलेलं आहे. दारूला शिवत नाही. गावात चांगला म्हणून ओळखला जातो. त्याला कशाला अडवायचं?"

"अडवायचं."

"कारण सांगा की!"

हवालदारांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला. उठले, हात धुतले, बाहेरच्या ताटातल्या वस्तू एकेक करून खिशात भरल्या आणि निघून गेले. दोनचा फोन त्यांना जिन्यातच आला असणार.

मेधा म्हणाली, "काय बोललास तू त्यांना?" मी म्हणालो, "मुद्दे संपले त्यांचे." मी जिंकलो होतो, पण समोरच्यानं हरलो म्हटल्याशिवाय जिंकण्यात मजा नसते. त्यातून मला जी कल्पना सुचली तिची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातल्या एकाच्या निरोपाची पार्टी होती, नेमकी हवालदारांच्याच हॉटेलात. मी कोटाच्या आतल्या खिशात ईशानचं पिस्तूल घातलं. हवालदार मला ओळखीचा म्हणून तसाच सोडतील, मग मी बाहेर येऊन ते दाखवीन, म्हणेन, बघा, तुमच्या तपासणीला काय अर्थ आहे? असा तो बेत. मोठ्या कंपनीत सीनियर इंजिनिअर असलेल्या, बेचाळीस वर्षांच्या माणसाचा.

दारात हवालदार होते. मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "हात वर करा, साहेब."

काठी छातीपाशी वाजली. त्यांचा हात कोटात गेला आणि तिथंच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. ते खेळणं आहे हे त्यांना बोटांना लागताच कळलं असणार, पूर्वी दोन बोटांत धरलंच होतं की. तरी हात बाहेर निघेना. माझ्या मागे रांग होती. नियमाप्रमाणे त्यांनी बेल दाबायला हवी होती, मग मॅनेजर, मग पोलीस, मग माझं काय व्हायचं ते. खेळण्यातलं असलं तरी पिस्तूल ते पिस्तूल.

त्यांनी ते स्वतःच्या ब्लेझरखाली सरकवलं. "यल्ला, चला, आत जा," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

पण रांगेच्या मागे, दाराकडे रोखलेला कॅमेरा होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. हवालदार आले नाहीत. शनिवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो तर ते बॅग भरत होते. मॅनेजरनं कॅमेऱ्यात हवालदारांचा हात पाहिला होता. मी पाठमोरा राहिलो होतो. कुणाकडून घेतलं, या प्रश्नाला हवालदारांनी उत्तर दिलं होतं, "चेहरा ध्यानात न्हाय." ज्यांना चार वर्षांपूर्वीच्या मिशा आठवत होत्या, त्यांनी. खेळणं म्हणून पोलीस टळले, ते परतही मिळालं, पण नोकरी गेली होती. तिकीट काढलेलं होतं.

"मी जाऊन सांगतो मॅनेजरला," मी म्हणालो.

"काय नगं. तुमचं पोरगं शाळंत हाय हितं. माझं कोन हाय?"

बॅगेची चेन लावून ते कॉटवर बसले आणि न विचारता सांगायला लागले.

"तुम्ही इचारलं न्हवतं का, परवाना असलेला, न पिनारा, त्याला कशाला अडवायचं? तो मी. फौजेतनं आलो आन् बँकेत राखन करत व्हतो. माझी सोताची बाराबोर बंदूक. एक दिस ड्यूटीवरनं येताना कळलं, संपत फाट्यावरच्या परमिट रूममधी बसलाय. त्याला घरी न्यायला गेलो. दारात वॉचमन व्हता. वळखीचा. सलाम ठोकून त्यानं मला आत सोडलं. मी लिंबू सरबत घेतलं, साहेब. बंदूक भिंतीला टेकवली. काडतुसं काढायची ऱ्हायली. संपतनं उचलली, त्याचा दोस्त म्हनला मला दे, दोघांची वढावढ. हसत व्हते दोघं." थोडा वेळ ते बॅगेची चेन उगाच पुढंमागं करत राहिले. "मी प्यालो न्हवतो. बंदूक बी प्याली न्हवती. पर खोली प्यालेली व्हती."

मग म्हणाले, "त्या वॉचमननं मला अडवलं असतं तर."

 वाद घालणाऱ्या माणसाजवळ असतं ते सगळं मी आधीच्या शुक्रवारी वापरून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी मेधानं मला हॉटेलवर पाठवलं. गाडी लावून मी पार्किंगमध्ये पाऊण तास बसलो, आणि परत आलो. "हवालदार नको म्हणाले," असं तिला सांगितलं. ते खरं होतं. पण त्यांचं ते नको मी फार चटकन मान्य केलं, हेही खरं. मेधा पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

विमानतळावर मीच सोडलं. ईशानचं पिस्तूल त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "पोराची वस्तू पोराला द्या. मामानं घेतली म्हनल नायतर." सुरक्षा तपासणीच्या रांगेत कुणी सांगण्याआधीच त्यांनी हात वर केलेले मला काचेतून दिसले. समोरचा शिपाई गोंधळून गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी दोन वाजता माझा फोन वाजला.

"पोचलो, साहेब. चार दिस सातारला लॉजवर काढलं. मग गेलो घरी."

"मग?"

"सुमननं दार उघडलं. मी हात वर केलं. ताट न्हवतं, म्हनून खिशातलं समदं पायरीवर मांडून ठेवलं व्हतं. लई येळ ती नुसती बघत ऱ्हायली. मग म्हनली, दादा, हात खाली करा. भाकरी गार हुतीया."

  इतके दिवस टाळलेलं मी शेवटी विचारलं.

"हवालदार, मला माफ केलंत ना?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि फोन ठेवला. हसत म्हणाले की कसे, ते मला कळलं नाही.