लगाने वाला कोई है घर में?

आमच्या दुकानात कमरेच्या खाली ठेवलेली कुठलीही वस्तू कायम संपलेली असते. शोध माझा नाही, पद्धत धुमाळजींची आहे.

इंदुरात पलासियाच्या रहदारीच्या रस्त्यावर आमचं मेडिकल स्टोअर. काउंटरमागे आम्ही दोघं फार्मासिस्ट, धुमाळजी आणि मी. बाकीचे लोक औषधं एबीसीडीने लावतात, नाहीतर कंपनीप्रमाणे. धुमाळजींनी ती स्वतःच्या मणक्याप्रमाणे लावली आहेत. ताप, ॲसिडिटी, बीपी, शुगर सगळं छातीच्या उंचीला. डोक्यावर जे असेल ते "जोशी भिया, तुमचा हात लंबा आहे" असं म्हणून माझ्या गळ्यात. आणि गुडघ्याखालच्या खणातलं काही मागायला कोणी आलं, की धुमाळजी पर्ची नीट वाचतात, सुस्कारा सोडतात आणि सांगतात, "खत्म हो गया जी. कल देख लेना." मी मोकळा असलो तर वाकून काढून देतो. नसलो तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

त्या खणात असतं काय? गुडघ्याचे पट्टे, मनगटाचे पट्टे आणि कमरेचे पट्टे. कंबरदुखीचा इलाज दुकानात सगळ्यात खाली ठेवणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच असेल.

आता आमच्या धंद्यात घरोघरी मातीच्या चुली. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकाच्या पर्चीवर मान घालायची आणि माल आला की सलाईनची खोकी उचलून मागे न्यायची. संध्याकाळी माझीही कंबर बोलायला लागते. मी तिला बोलू देतो. "आई गं" म्हणतो आणि मिळेल तिथे टेकतो. धुमाळजींच्या तोंडून कधी "हाय" निघालेलं ऐकलं नाही. मालकांनी आमच्यासाठी एक स्टूल आणलं होतं, ते धुमाळजींनी पहिल्याच दिवशी मला उचलायला लावून काउंटरच्या बाहेर ठेवलं.

"गिऱ्हाईक बीमार, ते उभं, आणि अपन बसायचं? काय बात करता भिया!"

हे झालं सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण एकदा चहा पिताना निसटलं. "औषधवालाच कंबर धरून बसलेला दिसला ना, तर लोक म्हणतील, इसकी दवाई इसी पे नहीं चली. दुकानाची शरम आहे ही." शिवाय त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार. "धुमाळ घोड्यावरून पडले असतील, पण झुकले नाहीत." घोड्यावरून पडल्यावर माणूस सरळ कसा राहतो, हे मी विचारलं नाही.

त्यांचं पेन हातातून खाली पडलं तर ते तिकडे बघतसुद्धा नाहीत. जसं काही ते दुसऱ्याचंच पेन. शांतपणे खिशातून नवं काढतात. खिशाला पेनांची रांग असते ती त्यासाठी. संध्याकाळी काउंटरखाली जाऊन दिवसभराचं पीक मी गोळा करतो आणि मुकाट त्यांच्या खिशात परत लावतो. या विषयावर आम्ही कधी बोललेलो नाही.

आणखी एक चीज त्यांच्याकडे आहे. लाकडी फूटपट्टी. तिच्या एका टोकाला कापूस आणि वर जाळीची पट्टी गुंडाळलेली. विचारलं तर म्हणाले, "रॅकच्या धुळीसाठी." रॅकवर धूळ तशीच होती आणि फूटपट्टीला वास मलमाचा येत होता. रोज संध्याकाळी ती पिशवीतून त्यांच्या घरी जाते आणि सकाळी परत येते. आल्यावर ते जुना कापूस काढतात, नवा बांधतात. घरीही धूळ असेल, असं मी धरून चाललो होतो.

पण धुमाळजी सगळ्या पलासियात ओळखले जातात ते त्यांच्या प्रश्नामुळे. दुखण्यावरचं मलम मागायला कोणीही येवो, ते ट्यूब हातात धरून ठेवतात आणि विचारतात, "लगाने वाला कोई है घर में?"

कोचिंग क्लासची पोरं लाजतात. "रूममेट है, अंकल." यावर पुढचा प्रश्न तयार, "हाथ भारी है कि हल्का?" एका आजींनी सांगितलं, "बहू है." तर हे म्हणाले, "बोलती है आपसे?" कोणीच नाही म्हटलं तर ट्यूब मागे जाते आणि फवाऱ्याची बाटली पुढे येते. "मरहम अकेले आदमी की चीज़ नहीं है जी. ये ले जाइए." एक गृहस्थ तर भडकलेच. "भिया, दवाई दे रहे हो कि रिश्ता देख रहे हो?" मी हसू लपवायला मागच्या खोलीत गेलो. धुमाळजी हसले नाहीत. त्यांनी फवारा दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पर्ची घेतली.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी हातोद गावाहून एक अम्मा आल्या. डोक्यावर पदर, हातात पर्ची. मुलगा तिथल्या मंडीत पोती उचलतो. त्याच्या कमरेत उसण भरली होती आणि तो घरी आडवा पडला होता. डॉक्टरांनी मलम आणि कमरेचा पट्टा लिहून दिला होता, मोठ्या नंबरचा.

"लगाने वाला कोई है घर में?"

"मैं हूँ न, बेटा."

धुमाळजी खूश झाले. मलम दिलं, कसं लावायचं ते दोनदा समजावलं. मग पर्चीवर पुन्हा नजर टाकली. मी तेव्हा मागच्या खोलीत माल उतरवत होतो. तिथे मला त्यांचा सुस्कारा ऐकू आला.

"पट्टा तो खत्म हो गया, अम्माजी."

मी हात झटकत बाहेर आलो तोवर अम्मा रस्त्याला लागल्या होत्या. "पट्टे आहेत की खाली," मी म्हटलं.

"बडा नंबर नाहीये," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

बऱ्याच वेळाने अम्मा परत आल्या. पदर घामाने चिकटला होता. काही मागायला नव्हत्या आल्या. "थोड़ा बैठ जाऊँ?" म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "सब दुकान देख ली. बड़ा नंबर किसी के पास नहीं. अब बस का टेम हो गया."

धुमाळजींनी त्यांना पाणी दिलं. त्या पाणी पीत होत्या आणि हे त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मी काय ते समजलो आणि खणाकडे निघालो.

"तुम्ही राहू द्या भिया. खत्म मी बोललो ना, मीच काढतो."

त्यांनी काउंटर घट्ट धरलं. एक गुडघा टेकला, मग दुसरा. बराच वेळ खालून नुसता श्वास ऐकू येत होता. खण उघडला. मोठ्या नंबरचा पट्टा सगळ्यात वरच होता. पण धुमाळजी वर आलेच नाहीत. काउंटरच्या वर आला फक्त त्यांचा हात आणि हातात पट्टा.

"ये लीजिए अम्माजी. था. मैंने झूठ बोला."

तेवढ्यात बीपीच्या गोळ्यांचे रोजचे साहेब आले. "धुमाळजी नहीं हैं?"

"माल निकाल रहे हैं," मी म्हटलं आणि त्यांना घाईघाईने वाटेला लावलं.

अम्मा उठल्या, काउंटरवर ओणवल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. धुमाळजी दिवसभरात पडलेल्या पेनांच्या मधे चारी पायांवर होते. कानापर्यंत लाल झाले होते. फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा त्यांचा चेहरा होता. आता ही बाई चार शब्द सुनावणार, आणि तिने सुनावावेतच, असं मलाही वाटलं.

"तेरी भी कमर?" अम्मा म्हणाल्या.

धुमाळजींनी फरशीकडे बघतच मान हलवली.

"पहले बोल देता, पगले. मैं अंदर आके खुद निकाल लेती."

मग त्यांनी विचारलं, "लगाने वाला कोई है घर में?"

त्या साध्या काळजीने विचारत होत्या, टोमणा वगैरे काही नव्हता. म्हणूनच तो प्रश्न सहन होईना.

"है न, अम्माजी. फूटपट्टी है."

अम्मांना ते कळलं नाही. मला कळलं. घरी वहिनी होत्या तोवर हा प्रश्न धुमाळजींनी कोणाला विचारलेला मला आठवत नाही.

अम्मांची बस होती, त्या गेल्या. मी शटर अर्धं ओढलं, स्टूल आत आणलं आणि धुमाळजींना काखेत हात घालून त्यावर बसवलं. कपाटातून एक ट्यूब घेतली.

"शर्ट वर करा."

"अरे जाने दो ना भिया. शरम येते."

"येऊ द्या. वर करा."

त्यांनी तोंड रॅककडे फिरवलं आणि शर्ट वर केला. मणक्याच्या उजव्या बाजूला फूटपट्टीच्या रुंदीचा एक सरळ पट्टा होता. रोज तिथेच मलम घासून कातडी काळवंडली होती, मधेमधे सोलली होती. मी कोणाच्या घरात न विचारता शिरलोय असं मला वाटलं. मी बोटावर मलम घेतलं आणि त्या पट्ट्यावर टेकवलं.

"तिथे नाही," धुमाळजी हळूच म्हणाले. "मणक्याच्या त्या बाजूला. डावीकडे."

"मग इथे का लावता?"

"फूटपट्टी तिथवरच पोचते."

मी हात पलीकडे नेला आणि त्यांच्यासारखाच रॅककडे बघत राहिलो.