पहिल्या क्रमांकाचे वजन

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करते. माझी सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. इतरांनी लिहिलेले सांभाळावे, त्यावरची धूळ झटकावी आणि मोठ्याने बोलणाऱ्यांकडे नुसते पाहावे, एवढीच माझी साहित्यसेवा. निवृत्त झाल्यावर लेखणी हाती धरणे या वयाला शोभते की नाही, याविषयी मी अजून साशंक आहे. वाचकांनी क्षमा करावी. आणि सगळी क्षमा माझ्यावर खर्च करणे जिवावर येत असेल, तर थोडा दोष आमच्या खालच्या मजल्यावरच्या नाखरेसाहेबांना द्यावा. मी लिहू लागले ती त्यांच्यामुळे.

नाखरेसाहेब गाणी तोलतात.

हा अलंकार नव्हे. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पनवेलच्या बाजारातली वजने, उरणच्या बंदरावरचे तराजू, तळोज्याच्या कारखान्यांतले मालट्रक तोलणारे अवाढव्य काटे, हे सारे त्यांनी तपासून त्यांवर शिक्के मारले. निवृत्तीनंतर तपासायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी पहिल्या क्रमांकावर आलेली गाणी हाती घेतली. त्यांचे म्हणणे असे, की पहिला क्रमांक ही जागा आहे, वजन नव्हे. उकिरड्यावर उभा राहिलेला माणूसही उंच दिसतो. म्हणून जी जी गाणी कधी ना कधी पहिली आली, त्यांपैकी खरोखर भारी कोणती आणि केवळ नशिबाने वर बसलेली कोणती, हे ठरवलेच पाहिजे.

एकदा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा निनाद कानात काहीतरी घालून डोलत होता.

"काका, हे सध्या नंबर वन आहे," तो कौतुकाने म्हणाला.

"दुसरं कोणतं आहे?"

"दुसरं... ते बघायला लागेल."

"बघ. तोवर हे पहिलं आहे की नुसतंच वर आहे, ते सांगता यायचं नाही."

"दुसरा कोण होता?" हा साहेबांचा जपमंत्र. त्यांच्या शास्त्राचा पहिला नियमच तो. पहिल्याचे वजन दुसऱ्यावरून ठरते. परीक्षांच्या दिवसांत किंवा पितृपक्षात, जेव्हा नवे गाणे बाजारात आणायला कोणी धजत नाही, तेव्हा पहिले आलेले गाणे साहेब "रिकाम्या मैदानावरचं" म्हणून बाजूला ठेवतात. दोन तगडी गाणी एकाच आठवड्यात भिडली आणि त्यांतले एक वर राहिले, तर मात्र ते खुर्चीत ताठ होऊन बसतात.

दुसरा नियम काळाचा. पूर्वी रेडिओवर क्रमवारी ठरायची ती श्रोत्यांच्या पोस्टकार्डांवर. "कार्ड आणायचं, लिहायचं, पेटीपर्यंत चालत जायचं. एवढं करूनही त्याला ते गाणंच हवं असायचं," साहेब सांगतात. "आता अंगठा लागला की झालं मत. आणि एकाच पोरानं दिवसभर तेच लावलं, तर ती एका गिऱ्हाइकाची भरपूर खरेदी झाली. भरपूर गिऱ्हाइकं नव्हेत." अंगठ्याची किती मते म्हणजे एक पोस्टकार्ड, याचे कोष्टक त्यांच्याकडे आहे. ते मला दोनदा समजावून सांगितले आहे. दोन्ही वेळा मी मान हलवली.

तिसरा नियम खुर्चीचा, आणि त्यामुळे साहेब पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. आमच्याकडे गावोगावी हळदीच्या संध्याकाळी मांडवात डीजे लागतो. साहेब आमंत्रण असो वा नसो, कडेची खुर्ची पकडून बसतात आणि कोणत्या गाण्याला कोण उठते ते पाहतात. तरुण पोरे उठली तर त्याला किंमत नाही. ती जनरेटर सुरू झाला तरी उठतात. पण गुडघे दुखणारी मावशी उठली, रुसून बसलेला काका उठला, जेवणाच्या पंगतीतला माणूस हात न धुता उठला, तर गाणे भारी. गावकऱ्यांना प्रथम वाटले, हा माणूस पोलिसांत आवाजाची तक्रार करायला आला आहे. आता ते त्यांना आधी जेवू घालतात. एका यजमानांनी तर विचारले होते, "सायेब, आमचा डीजे पास हाय ना?"

माझ्या लेखनाशी या शास्त्राचा संबंध असा. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात निबंधस्पर्धा असते. निवृत्तीच्या वर्षी, कोणाला कळू नये अशा बेताने, मी एक निबंध देऊन आले. पहिला क्रमांक मिळाला. साहेब जिन्यात भेटले.

"अभिनंदन, बाई. दुसरा कोण होता?"

मी चौकशी केली. दुसरा कोणीच नव्हता. स्पर्धेत एकच निबंध आला होता. हे मी त्यांना खालमानेने सांगितले आणि पुन्हा या वाटेला जायचे नाही असे मनाशी ठरवले. पुढच्या वर्षी चिटणीस फॉर्म घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मी नको म्हणणार होते, इतक्यात ते म्हणाले, "या वर्षी स्पर्धा आहे बरं का. नाखरेसाहेबांनीही निबंध दिलाय." त्यांचा विषय होता, दमट हवेत मिठाच्या वजनात पडणारा फरक. ज्या माणसाने आयुष्यात शेऱ्यापलीकडे काही लिहिले नव्हते, त्याने तो पानेच्या पाने लिहिला होता. मी पहिली आले. साहेब दुसरे आले, आणि पुन्हा जिन्यात भेटले.

"आता वजन आहे," एवढेच म्हणाले.

माझ्यासाठी आजवर अनेकांनी जागा रिकामी करून दिली आहे. बसमध्ये, रांगेत, सभेत. माझ्याखाली उभे राहण्यासाठी कोणी धडपडल्याचे मात्र हे पहिलेच उदाहरण.

साहेबांच्या पत्नी चांगुणावहिनी उरणकडच्या कोळी घरातल्या. या लग्नाची हकिकत त्याच सांगतात, बोंबील साफ करता करता. "साहेब नवीन नवीन आलेलं. मासली बाजारात शिरलं नि बोललं, तराजू दाखवा. आता आमी मासली वाट्यावं देतो, गो बाय. चार मांदेली हिकडं, चार तिकडं, हा वाटा तुजा. तोलतंय कोन? तर हा मानूस उबा, हातात शिक्का घेऊन, नि शिक्का मारायला काय गावंना. मला आलं हसू." साहेब यावर फक्त "नियमात तशी तरतूद नव्हती" म्हणतात.

वहिनी तेव्हा गात. बंदरावरच्या एका छोट्या कंपनीने त्यांच्या आवाजात एक कॅसेट काढली होती, आणि तिच्यातले वहिनींनी स्वतः रचलेले एक गाणे रेडिओच्या लोकगीतांच्या क्रमवारीत आले. दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि तिथेच राहिले, कारण वर एक भलतेच लाडके गाणे ठाण मांडून बसले होते. पुढे ते वरचे उतरले तोवर वहिनींचेही उतरले होते. कंपनी बुडाली. घरातली कॅसेट खाऱ्या हवेने चिकटली. वहिनींनी परत कधी गायले नाही, निदान साहेबांनी ऐकले नाही.

हे मला साहेबांनी स्वतःहून सांगितले ते मागच्या वर्षी. सोसायटीतले लोक त्यांना नेहमी विचारतात, की सगळ्यांत भारी गाणे अखेर कोणते. साहेब दर वेळी म्हणतात, "एक तोलायचं बाकी आहे." ते बाकी राहिलेले म्हणजे वहिनींच्या वर बसलेले गाणे. पहिल्याचे वजन करायचे तर दुसऱ्याचे आधी करायला हवे; आणि दुसरे घरचे.

"नातेवाइकाचं दुकान आपण तपासायचं नाही, असा आमच्याकडे दंडक होता," साहेब म्हणाले. "दुसरा निरीक्षक बोलवायचा. बाई, तुम्ही कराल का?"

मी म्हटले, मला गाण्यातले काहीच कळत नाही.

"म्हणूनच. शिवाय तुम्ही भिडस्त आहात. तुमचा हात काट्यावर पडणार नाही." मग म्हणाले, "आणि लवकर झालं तर बरं. माझा डावा कान गेला. उजवाही निघालाय." कानाचे यंत्र घ्यायला ते तयार नव्हते. परक्या यंत्रातून आलेला आवाज पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे त्यांचे मत होते.

इतक्या वर्षांत माझा निर्णय कोणी मागितला नव्हता. मी हो म्हटले.

वहिनींच्या भाचीच्या मुलीची हळद कोन गावात होती. भाचीने मावशीला गळ घालून गायला लावायचे, असा बेत साहेबांनी परस्पर ठरवला होता. मांडवात पाहुणे आणि डीजे. हळद कुटायची, लावायची ती आतल्या घरात, बायकांच्यात. तिकडे साहेबांना प्रवेश नाही. त्यांनी गाण्याचे शब्द मला आधीच ऐकवून ठेवले होते, पंचनामा वाचावा तशा सुरात: "खाडीचे पान्यावं चांदनं सांडलं. माजे गो लेकीचे पायाला लागलं." आणि बजावले होते, "फक्त पाहा. कोण उठतं ते पाहा."

आत वहिनींना कोणी गळ घातली नाही. घालायची वेळच आली नाही. उखळाभोवती बायका बसल्या होत्या, मुसळ पडत होते, बाहेरच्या डीजेने भिंती थरथरत होत्या. त्यातच एका म्हातारीने बारीक आवाजात सुरुवात केली, बाकीच्यांनी उचलले, आणि मी दचकले. खाडीचे पान्यावं चांदनं सांडलं. सगळ्यांना येत होते. नवरीच्या मैत्रिणींना येत होते. पिवळ्या हातांनी, मुसळाच्या ठेक्यावर, न पाहता, न थांबता त्या गात होत्या.

शेजारच्या मुलीला मी विचारले, हे गाणे कोणाचे?

"कुनाचं म्हंजे? हळदीचं हाय," ती म्हणाली. "आमच्या आजीच्या आजीपासून बोलतात."

मी वहिनींकडे पाहिले. त्या सर्वांबरोबर गात होत्या. एका ओळीत बायका 'पायाला' ऐवजी 'तळव्याला' म्हणत होत्या. तेवढ्या जागी वहिनींचे ओठ वेगळे हलत होते. आयुष्यभर पुस्तके हाताळल्यावर मूळ प्रत ओळखू येते. त्यांनी माझी नजर पकडली आणि गाणे संपल्यावर जवळ सरकल्या.

"कळलं ना तुला? मंग गप ऱ्हा."

"वहिनी, पण साहेब बाहेर बसले आहेत. इतकी वर्षं..."

"म्हनूनच बोलतंय. मला कवाचं ठावं हाय. पयल्यांदा ऐकलं तवा मी बी गपच बसली." त्यांनी पदराला हात पुसले. "या पोरींना सांगू, का माजं हाय? मंग त्या माज्याकडं बगून गातील, घाबरत घाबरत. नि त्याला सांगू? तो शिक्का घेऊन येल. वाट्यावं दिलेली मासली हाय, बाय. ती परत तोलायची नसते."

मग किंचित हसून म्हणाल्या, "नि त्याचं तोलून झालं, का तो काय करल दिसभर?"

मी त्यांना गप्प राहण्याचा शब्द दिला आणि बाहेर आले. साहेब डीजेने थरथरणाऱ्या घराच्या भिंतीला उजवा कान लावून बसले होते. मला पाहताच उठले.

"झालं?"

"झालं."

"किती उठल्या?"

मी निरीक्षक म्हणून आत गेले होते. खोटे बोलता येत नव्हते. "कोणीच नाही," मी म्हटले. "सगळ्या बसूनच होत्या."

साहेब खुर्चीत बसले. बराच वेळ समोरच्या नाचाकडे पाहत राहिले. गुडघेदुखीची एक मावशी त्यांच्या देखत उठून नाचायला गेली, तिच्याकडेही त्यांचे लक्ष नव्हते. हा माणूस दुकानदारांच्या विनवण्यांना कधी बधला नाही. काटा दाखवील ते खरे, यावर त्याचे सारे आयुष्य उभे. मला वाटले, आता ते शून्य लिहून मोकळे होतील.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "मग काटाच खराब असणार."

"म्हणजे?"

"खुर्चीचा नियम रद्द. त्यात काहीतरी मोजायचं राहतंय. तिचं गाणं आणि कोणी हललं नाही, असं व्हायचं नाही." त्यांनी खुर्ची घडी करून भिंतीला टेकवून ठेवली, आणि आतून येणाऱ्या वहिनींच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे गेले.

परतताना रिक्षात दोघे माझ्या दोन्ही बाजूंना बसले होते. वहिनी हलकेच काही गुणगुणत होत्या. त्या साहेबांच्या डाव्या कानाच्या बाजूला होत्या.

त्या आठवड्यात साहेबांनी कानाचे यंत्र घेतले. दर रविवारी ते वर येतात आणि मला विचारतात, आतल्या घरात बायका गाणे ऐकताना नेमके काय करतात, हात थांबतात की चालू राहतात, डोळे मिटतात की नाही. नवा काटा बनवायचे चालले आहे. मी चहा करते, जेवढे शब्द न मोडता सांगता येते तेवढे सांगते, आणि या दोन माणसांच्या शेजारी मला घर मिळाले याबद्दल मनातल्या मनात आभार मानते. हा लेख मी सोसायटीच्या स्पर्धेला दिलेला नाही; तिथे तो साहेबांच्या वाचनात आला असता.

पण यंत्र लावूनही साहेबांना दर रविवारी थोडे कमी ऐकू येते. प्रश्न विचारताना ते आता माझ्या ओठांकडे पाहतात. वहिनींना मी गप्प राहण्याचा शब्द दिला आहे, आणि गप्प राहणे हेच तर मी जन्मभर करत आले.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर साहेबांना सांगितले असते का?