चंपीसाठी स्थळ

आमच्या शेजारचे नाना कुत्रीसाठी स्थळं पाहत हिंडायचे. लग्नासाठी नव्हे हो, चार दिवस तिला ठेवायला! पण थाट तोच. ठेवणीतला फेटा, खांद्यावर उपरणं आणि मध्यस्थ म्हणून मी, गल्लीतला शाळामास्तर.

नाना मूळचे एरंडोलकडचे, जळगावच्या जिनात कापूस तोलायचे. घरात ते आणि चंपी, बस्स. बायको केव्हाच गेलेली, एकुलती एक लेक सखू रावेरला दिलेली. एक दिवस रावेरहून निरोप आला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सखूला मुलगा झाला होता, नानांना बारशाचं बोलावणं होतं! नाना बोडक्यानंच गल्लीभर साखर वाटत सुटले. रस्त्यानं जाणाऱ्या फौजदारालाही त्यांनी सोडलं नाही. आणि मग एकदम ओट्यावर येऊन बसले. चंपीच्या कानात किडे पडले होते. अशी कुत्री बाळंतिणीच्या घरात नेता येईना, आणि तिला टाकून त्यांचा पाय निघेना.

"माझ्याकडे ठेवा," मी म्हणालो.

"तुमना घरमा छडी शे, मास्तर. स्थळ नापास!"

एका व्यापाऱ्याचा वाडा मी सुचवला. नाना दारातूनच परतले. का, तर आम्हाला पाहून त्या घरचं मांजर पळालं. "जठे मांजर माणूसले भ्यास, तठे मी पोर देवाव नही!" गुरांना औषध देणाऱ्या एका बुवाने तापल्या सळईचा डाग सांगितला. नाना म्हणाले, "पहिले तुना कानले दे."

बारसं तोंडावर आलं. नानांची झोप उडाली आणि त्यांच्यापायी माझीही. शेवटी कोणीतरी धुळ्याच्या गुरांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि आम्ही तिघं निघालो. चाळीसगावला गाडी बदलताना चंपीला गार्डाच्या डब्यात घातलं, तर नाना म्हणाले मीही तिथंच बसतो. गार्डाने हात जोडले तेव्हा कुठे ते खाली उतरले.

डॉक्टर दवाखान्याच्या आवारातच राहत. त्यांनी चंपीला हात लावला नाही. ते सरळ मातीत मांडी ठोकून बसले, सरकारी विजारीसकट, आणि तिला स्वतःचे हात हुंगू दिले. पुरतं हुंगून झाल्यावर चंपीने आपण होऊन दुखरा कान त्यांच्या मांडीवर टेकला. उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडला, चंपीला पाहिलं आणि पुन्हा मिटला. नानांनी मला अशी कोपरखळी मारली की बरगडी दुखली.

"जमनं, मास्तर! स्थळ जमनं!"

"कान बरा होईपर्यंत राहू द्या इथंच," डॉक्टर म्हणाले. "औषध रोज मी स्वतः घालीन." नानांनी त्यांच्या हातात नारळ ठेवला, चंपीला कुंकू लावलं आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. बाहेर धुळ्याचं ऊन रणरणत होतं, नानांचे ओठ सुकलेले. तरी त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

"पोर दिधी, त्या घरनं पानी पेतस नही."

"अहो नाना, कुत्री ठेवलीय, लेक दिली नाही!" मी म्हणालो. सगळे हसले, नानाही हसले. पण पाणी काही प्यायले नाहीत.

आमच्याकडे रीतच आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. नाना इतकी वर्षं रावेरला जात, ओसरीवर बसत आणि तसेच कोरडे परत येत.

परतताना चाळीसगावच्या स्टेशनवर मला राहवेना. तिथल्या नळावर भरलेला फिरकीचा तांब्या मी त्यांच्यापुढे केला. "हे तर कोणाच्याच घरचं पाणी नाही. प्या आता."

नानांनी तांब्याकडे पाहिलं. "दर खेपले सखू तांब्या लिसन येस," ते हळू आवाजात म्हणाले. "मी नही म्हनस. पोर तशीच तांब्या धरीसन उभी ऱ्हास."

समोर रावेरकडे नेणारी गाडी उभी होती. नानांनी माझा हात बाजूला सारला आणि फेटा सावरत डब्यात चढले.

"तहान राखी ठेयेल शे, मास्तर. सखूना हातनं पानी पिसू."