मन्मथप्पांचं मीठ

मन्मथप्पा चहातसुद्धा मीठ घालून घेत. बंडीच्या खिशात कागदाची पुडी असायची. कप हातात आला की पुडी सोडायची, चिमूट टाकायची, एक घोट घ्यायचा आणि समोरच्याकडे बघून म्हणायचं, "मीठ कमी हाय." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चहा हातातच गार झाला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. ऑफिसं भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग अजून ओला, आणि माझ्यासारखे कारकून उस्मानाबादेहून बदली होऊन खोल्या शोधत फिरत होते. मला खोली मिळाली ती गंजगोलाईजवळ, मन्मथप्पांच्या किराणा दुकानाच्या माडीवर. भाडं ठरायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "भाऊसाहेब, जेवताना वरून मीठ घेता का?" नाही म्हटलं तर काळजीने म्हणाले, "मग तब्येतीला जपा."

त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट मिठात थोडी उणी होती. "जिल्हा झाला, लई बेस झालं. पण मीठ कमी हाय. पाणी कुठंय पाणी?" पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले तरी तेच. जावयाबद्दल विचारलं तर, "माणूस सोन्यावानी हाय. मीठ तेवढं कमी हाय." त्या वर्षी पाऊस रुसला, विहिरी तळाला गेल्या आणि गल्लीत टँकर यायला लागला. पाणी असं मचूळ की पहिल्या घोटालाच लोक तोंड वाकडं करायचे. मन्मथप्पा मात्र तांब्या रिकामा करून मिशा पुसत म्हणाले, "ह्या पाण्याला जरा चव हाय."

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. त्यांच्या पत्नीला, गौराक्कांना, सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कांनी ज्वारीची भाकरी आणि येसराची, भाजल्या धान्याच्या मसाल्याची, आमटी वाढली. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने नव्हे, मिठाने! समुद्रच वाटीत ओतला होता. दुष्काळात दुसऱ्याच्या घरी पाणी तरी किती मागणार? मी घास तसाच गिळला. शेजारी मन्मथप्पांनी आमटी भुरकली, पुडी काढली, वरून चिमूट सोडली आणि मोठ्याने म्हणाले, "मीठ कमी हाय." अक्का पदराआड हसल्या. हा माणूस ठार वेडा आहे, असं माझं त्या दिवशी ठाम मत झालं.

पुढच्याच आठवड्यात ते दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अडखळले. शब्द जड झाले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डाव्या हातातलं माप गळून पडलं. आम्ही धावलो. पाणी आणेपर्यंत तोंड सरळ, बोलणं सरळ, हात जागच्या जागी. कोणी म्हणालं, अंगावरून वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा. मन्मथप्पा उसळले, "लिंगायताच्या दुकानात कबुतर मारता? आलं आन् गेलं. पाव्हणा हाय तो, मुक्कामाला आलेला न्हाई." आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

दवाखान्याचं नाव त्यांनी काढू दिलं नाही. ते काढलं पुढे त्यांनी स्वतःच. सकाळी ते गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसत. एके दिवशी मला माडीवर हाक ऐकू आली. खाली गेलो तर ते भिंतीला टेकलेले, तोंड पांढरंफटक. हात अचानक लुळा पडला होता आणि लिंग तळहातावरून घसरून मांडीवर आलं होतं. आता हात पुन्हा हलत होता, पण डोळ्यांतलं भय हलत नव्हतं. "मी पडलो असतो तर चाललं असतं, भाऊसाहेब. देव हातातून सुटला. चला, कुठं दाखवायचं तिथं दाखवा."

डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगणारा होता. वडील कशाने गेले म्हणून त्याने विचारलं. वारं जाऊनच गेले होते. रक्तदाब मोजून त्याने पुन्हा एकदा मोजला. म्हणाला, "मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात बारीक गुठळी अडकते आणि थोड्या वेळात सुटते, म्हणून तुम्ही बरे होता. ही सूचना आहे. पुढची गुठळी सुटेलच असं नाही. मग हात, बोलणं, सगळंच जाईल. रक्तदाब फार आहे. तंबाखू बंद, गोळी रोज, बरं वाटलं तरी रोज. आणि मीठ जवळजवळ बंद."

दवाखान्याच्या पायरीवरच मन्मथप्पांनी तंबाखूची चंची गटारात टाकली. मिसरूड फुटल्यापासूनची तंबाखू, पण मागे वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "आता ती मिठाची पुडीही टाका." त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"तंबाखू माझी होती, सोडली," ते म्हणाले. "मीठ माझं न्हाई."

दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली बसून मग त्यांनी सांगितलं. मागे एका तापात अक्कांच्या जिभेची चव गेली, ती परत आलीच नाही. पुतण्याच्या वास्तुशांतीला त्यांनी वरणात दोनदा मीठ घातलं. पाहुण्यांनी घास थुंकले, सुना हसल्या. अक्का चुलीपाशी जाईनात, धड जेवेनात. तेव्हा पुढच्या सणाला त्यांनाच आमटी करायला लावून भरल्या पंगतीत मन्मथप्पांनी मिठाची पुडी मागवली आणि म्हणाले, मीठ कमी हाय.

"घरातच म्हणलं असतं तर तिला सोंग कळलं असतं. म्हणून गावभर म्हणत फिरलो. चहात बी घातलं. लई घाण लागतंय हो चहात." त्यांनी खिशातली पुडी चाचपली. "आता डॉक्टरचं सांगितलं तर ती म्हणंल, माझ्याच हातानं मालकाला वारं गेलं. मग ती जगंल का?"

मी ज्याला वेडा समजत होतो त्याच्या शेजारी मी मान खाली घालून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी अक्का अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, आमटीत मीठ जरा जास्त पडतं का हो?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय, बाबा? माझी जीभ मेलेली. मालक कमी म्हणले की दुसऱ्या दिवशी मी चिमूट वाढवते. तरी बी कमीच म्हणतात. एकदा तरी त्यांनी बरोबर हाय म्हणावं, एवढीच आस हाय बगा."

मी दुकानात जाऊन मन्मथप्पांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते गादीवरून उठले. मग खिशातली पुडी काढून बाहेरच्या मिठाच्या पोत्यात रिकामी केली.

त्या दुपारी त्यांनी मलाही पानावर बसवलं. अक्कांना सांगितलं होतं, लिंग हातातून सुटलं, प्रायश्चित्त म्हणून ह्यापुढं जन्मभर अळणी खायचं. देवाचं काम म्हटल्यावर अक्कांनी मिठाला हातही लावला नव्हता. मन्मथप्पांनी आमटी भुरकली. अक्का सवयीने चेहऱ्याकडे बघत उभ्या होत्या.

"आज बरोबर झालंय, गौरा."

"अवं, घातलंच न्हाई की! बरोबर कसं हुईल?"

"मीठ नसंना का. चव तुझ्या हाताला हाय."

अक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि लगबगीने चुलीकडे वळल्या. मी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.