चौगुले सर आणि गच्चीवरचे बाप

चौगुले सरांना तुम्ही राजारामपुरीत एकदा पाहिलं असेल, तर विसरला नसाल. साठी उलटलेला, ताठ कण्याचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस खांद्यावर बाळ घेऊन वांगी निवडत असतो. एक हात बाळाच्या मानेखाली, दुसरा वांग्यांच्या ढिगात. भाजीवाला नवा असला तर कौतुकानं विचारतो, "नातू व्हय, सर?"

"न्हाय," सर म्हणतात, "जोंधळा हाय."

ते खरंच असतं. काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या पातळाच्या कापडात जोंधळा भरून शिवलेलं ते बाळ आहे. वजन खऱ्या बाळाएवढं, मान मुद्दाम ढिली ठेवलेली, नाव बाळासाहेब. त्याला बाजारात कशाला मिरवायचं, असं मी एकदा विचारलं होतं. "बाप झाल्यावर बाजार काय थांबतोय व्हय? एका हातानं जगायची सवय पायजे की!" म्हणाले. रिक्षात बसताना ते "बेतानं घे, बाळ हाय" असं बजावतात आणि ओळखीचे रिक्षावाले निमूटपणे खड्डे चुकवतात.

सर आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. तळमजल्यावर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. रविवारी सकाळी तिथं गरोदर बायकांचा वर्ग भरतो. बायका आत बाळंतपणाचे व्यायाम शिकायच्या आणि त्यांना घेऊन आलेले नवरे बाहेर गाड्यांवर बसून मोबाईल बघायचे. सरांनी हायस्कुलात जन्मभर पी.टी. शिकवली. रिकामी पोरं दिसली की त्यांचा हात आपोआप शिट्टीकडं जातो. एका रविवारी त्यांनी गॅलरीतूनच शिट्टी फुंकली आणि ओरडले, "सगळे गडी, गच्चीवर!" गंमत म्हणजे सगळे गेले. कोण बोलावतंय, कशाला बोलावतंय, कुणी विचारलं नाही. बापांचा वर्ग सुरू झाला तो असा.

माझी भरती जरा वेगळ्या पद्धतीनं झाली. माझ्या बायकोला, सोनालीला, सातवा लागला तेव्हा सर आमच्या दारात येऊन उभे राहिले. "म्हेश, हात दाखव," म्हणाले. मी तळवे पुढं केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"ह्या हातांनी आजवर काय उचललंस?"

"गॅस सिलिंडर," मी अभिमानानं सांगितलं.

"त्याला मान नसती," सर म्हणाले. "रविवारी ये."

गच्चीवरचा तो वर्ग म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. आमच्या तुकडीत तालमीतला एक पैलवान होता. लंगोट बांधायचा धडा आला तेव्हा तो छाती काढून पुढं झाला. हा तर त्याच्या घरचाच विषय! त्यानं बाळासाहेबांचा लंगोट असा काही आवळला की शिवण उसवून जोंधळा सांडला. सर कळवळले. "आरं, कुस्तीला निघालंय काय ते?" मग आम्ही सगळे बाप गुडघ्यावर बसून जोंधळा वेचत होतो.

रडण्याचा तास त्याहून अवघड. सर मोबाईलवर बाळाच्या रडण्याचा आवाज मोठ्यानं लावायचे आणि बाळासाहेबांना आमच्या हातात द्यायचे. रडणं थांबेपर्यंत फक्त फेऱ्या मारायच्या. कुणाच्या तोंडून सवयीनं "अगं ए!" निघालं की शिट्टी वाजायची आणि त्याला उठाबशा. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग उठाबशाच काढत होता.

पण सरांचा खरा धडा होता खुर्चीचा. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. बायको सासुरवाडीला आणि बाप बारशाला पावणा म्हणून हजर. सर हे सांगायला लागले की त्यांचा आवाज खालच्या चौकात ऐकू जायचा.

"गेल्या गेल्या खुर्ची देत्यात. बसायचं न्हाय! बसला की पावणा झाला. मग चहा येतोय, शिरा येतोय, बाळाला लांबनं दावत्यात आन् आत नेत्यात. पोर तुझं, आन् तू पावणा? हुबं ऱ्हायचं. बाळ हातात मिळंस्तवर हुबं ऱ्हायचं!"

मी हा धडा मनापासून पाळला. माझी सासुरवाडी मलकापूरची. मुलगा झाल्याचा फोन आला, मी तडक निघालो आणि त्यांच्या बाहेरच्या सोप्यात जाऊन उभा राहिलो. सासऱ्यांनी खुर्ची दिली. मी म्हणालो, "नको." मेहुण्यानं गादी घातली. मी म्हणालो, "नको." चहा मी उभ्यानंच प्यायलो. घरात कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळानं सासऱ्यांनी टोपी घातली, चप्पल घातली आणि मला हळूच बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"पावणं, लग्नात आंगठीचं जरा मागंपुढं झालंतं. ते मनात धरू नगासा. सोनाराकडं निघालोय मी."

जावई रुसला, असंच सगळ्यांना वाटलं होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "मामा, अंगठी नको. बाळ द्या." सासूबाई आश्चर्यानं बघतच राहिल्या. पण बाळ मिळालं. त्याची मान माझ्या तळहातावर टेकली, तेव्हा मला जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आल्यावर सरांना हा प्रसंग सांगितला, तर ते पोट धरून हसले आणि त्यांनी मला तिथल्या तिथं मदतनीस केलं.

सरांच्या घरी माझं जाणं-येणं वाढलं ते त्यानंतर. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सरांना एकच मुलगी, शुभांगी. ती पुण्यात नोकरी करते. तिचा फोन सरांनी उचलला की संभाषण एवढंच व्हायचं, "हां. आईला देतो." भांडण नव्हतं, अबोला नव्हता. बोलायला काही नव्हतं, इतकंच. परक्या पोरांना बाप व्हायला शिकवणारा हा माणूस स्वतःच्या मुलीशी दोन वाक्यं बोलू शकत नाही, हे पाहून मला वाईट वाटायचं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी शुभांगीला दिवस गेले आणि ती बाळंतपणाला कोल्हापूरला आली. काकूंना आनंद मावेना. सर मात्र गप्प झाले. घरात ती बैठकीत आली की हे गॅलरीत जायचे. काकू मला म्हणाल्या, "ती येणार म्हणून महिनाभर घर डोक्यावर घेतलंतं. आता आलीय, तर हे लपून बसत्यात."

त्या रविवारी सर खुर्चीचा धडा देत होते. पेठ वडगावहून येणारा एक पोरगा उठला आणि त्यानं सरळच विचारलं, "सर, तुमच्या येळंला तुमी किती येळ हुबं ऱ्हायलासा?"

मी सरांच्या मागं उभा होतो. गच्चीच्या दारात शुभांगी आलेली मला दिसली. डॉक्टरीणबाईंनी तिला चालायला सांगितलं होतं. सरांची तिच्याकडं पाठ होती.

सरांनी बाळासाहेबांना ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "बसलो मी. तुमच्याच वडगावात. बारशाला गेलतो. खुर्ची दिली, बसलो. शिरा खाल्ला, चांगला झालता. पोरीला उंबऱ्यातनं दावलं. यस्टीनं परत आलो."

"आन् घरी आणल्यावर?"

"घरात वडील होते. वडलांच्या म्होरं आपलं पोर उचलायचं न्हाय, आशी रीत आमच्यात. सगळ्यांनी घेतली, मी न्हाय. वडील गेलं तवर ती पळायला लागलीती. उचलाय गेलो, तर रडत आईच्या मागं जाऊन लपली. तिचं काय चुकलं? घरात एक पावणा ऱ्हातोय, आसंच तिला वाटत आसणार."

त्यांनी शिट्टी उचलली, पण वाजवली नाही. मी दाराकडं पाहिलं. शुभांगी भिंतीला धरून जिना उतरत होती.

पंधरवड्यानं शुभांगीला मुलगी झाली. तिचा नवरा निखिल पुण्याहून वेळेत पोचला होता. सर आणि काकूंना मीच गाडीतून गावातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणलं आणि वडीलधारे म्हणून सरांसमोर धरलं. सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आधी बाप," ते म्हणाले.

निखिलनं बाळाला घेतलं, नीट घेतलं. सर त्याच्या हातांकडं बघत राहिले आणि मग दाराकडं निघाले.

"बाबा, कुठं निघालाय?" शुभांगीनं पलंगावरून विचारलं.

"गाडी जरा आडवी लागलीय. बघून येतो." गाडी माझी होती आणि ती सरळ लागली होती.

"ते बघतील की. तुम्ही घ्या हिला."

"मला जरा सर्दी हाय."

"कुठं हाय सर्दी?" ती म्हणाली. "माझ्यासमोर घ्या, बाबा. मला बघायचंय."

निखिलनं बाळ पुढं केलं. शेकडो बापांना शिकवलेल्या त्या माणसाला मानेखाली हात न्यायला उशीर झाला. काकूंनी पटकन खालून आपला हात लावला आणि मग हळूच काढून घेतला. सर बाळाकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. बाळाला अजून नाव नव्हतं. सर त्याच्यावर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "शुभे."

त्यांची चूक कुणीच दुरुस्त केली नाही. पलंगावरून शुभांगीनं ओ दिली.