खारट आहे का सांग

शुक्रवारी संध्याकाळी दारावर थाप पडली, की मी लपायला जागा शोधतो. राघोबाकाका आलेले असतात आणि हातात पाण्याची बाटली असते. "कण्णा, एक थेंब जिभेवर ठेव. खारट आहे का सांग."

राघोबाकाका आमच्या तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दर शुक्रवारी पहाटेची बस पकडून कावेरीचा फाटा समुद्राला मिळतो त्या खाडीवर जातात आणि तिथलं पाणी बाटलीत भरून आणतात. हल्ली नदीला पाणी कमी, म्हणून वाळू साचून खाडीचं तोंड बुजतं. भरती आत येत नाही, पाणी कुजतं, मासे मरतात. पाणी खारट लागलं तर तोंड उघडं, सपक लागलं तर बंद, हे काकांचं शास्त्र. वर कोळंबीच्या तळ्यांची घाणही त्यातच सोडतात, आणि चाखायचं मी!

एकदा बायकोनं ती निवळलेली बाटली पिण्याचं पाणी समजून सांबारात ओतली. सांबार आमच्याच मराठा राजांच्या मुदपाकखान्यातलं म्हणून मिरवणारे आम्ही. त्या दिवशी मान खाली. काकांनी मात्र हौसेनं विचारलं, "मीठ घातलं होतंस का गं, सुनबाई?"

"घातलं होतं."

"छे! मग काय कळणार? पुढच्या वेळी घालू नकोस."

गेल्या शुक्रवारी बँकेतून दमून आलो होतो. वैतागून म्हणालो, "काका, तुमची जीभ काय भाड्यानं दिलीय? स्वतः चाखा ना!"

काका ओट्यावर टेकले. "दोन वर्षं झाली, चवच कळत नाही रे." मग हळूच म्हणाले, "तुझ्या काकूच्या अस्थी मी तिथंच सोडल्या. तोंड बुजलेलं होतं, बघितलंच नाही मी. जन्मभर पाण्याची खाती सांभाळली, आणि त्या दिवशी बघितलं नाही! साचल्या पाण्यात अडकलीय रे ती."

माझीच मला लाज वाटली. बोट बुडवून जिभेवर ठेवलं. सपक, चिखलाचा वास.

"खारट आहे काका. चांगलं खारट."

काकांनी माझा चेहरा निरखला. "कण्णा, खारट लागलं की माणूस तोंड वाकडं करतो." झाकण लावून उठले. "सरी, ठीक आहे. पुढच्या शुक्रवारी बघू."

उद्या शुक्रवार. मी रजा टाकलीय. काकांना सांगून आलो, "दोन तिकिटं काढा. तिथंच चाखतो."